प्रागची साहित्य-रात्र: चेक भाषा येत नसेल तरी का जावं, आणि तिथे नेमकं काय ऐकावं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात जर्मन शिकलात, आता शिक्षणासाठी चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोला आहात आणि चेक अजून दुकानात निभावण्यापुरतंच येतं. मे महिन्यात प्रागला ‘नोत्स लितेरातुरी’, म्हणजे साहित्याची रात्र असते, असं तुम्हाला कळलं. भाषा येत नसताना जाण्यात अर्थ आहे का, असा उत्सव उभा कसा राहतो आणि पुस्तकं कोण ठरवतं, हे तुम्ही विचारलं आहे. शिवाय आजचं युरोपीय साहित्य मराठीत आणावं अशी इच्छा असलेल्या माणसाला तिथून काय शिकता येईल, हेही. मी जर्मन आणि चेकमधून अनुवाद करते, आणि अशा जाहीर वाचनांसाठी उतारे तयार करण्याचं काम बरीच वर्षं करत आले आहे. त्यामुळे आतल्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

जा. नक्की जा. फक्त लेखक भेटतील या अपेक्षेने जाऊ नका, कारण लेखक तिथे बहुतेक वेळा नसतातच.

आपल्याकडच्या लिटफेस्टची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला तिथे चुकल्यासारखं होतं. भव्य मंच नाही, तासभराची चर्चासत्रं नाहीत, सहीसाठी रांगा नाहीत. रचना अशी आहे: शहरातली एक वस्ती निवडतात, दर वर्षी वेगळी. त्या वस्तीत चालत फिरता येईल एवढ्या अंतरात जागा शोधतात, शक्यतो एरवी लोकांना आत जायला न मिळणाऱ्या. प्रत्येक जागेला एक पुस्तक. संध्याकाळी ६ वाजता पहिलं वाचन होतं आणि मग दर अर्ध्या तासाने तेच वाचन पुन्हा, रात्री ११ पर्यंत. एक वाचन दहा ते पंधरा मिनिटांचं. उरलेल्या वेळात लोक हातातला नकाशा बघत पुढच्या जागी जातात. वाचणारे बहुतेक नाटक-सिनेमातले नट-नट्या, प्रवेश मोफत. आपण ज्याला अभिवाचन म्हणतो तेच हे. पण एका रात्रीत, एका वस्तीत, युरोपभरच्या भाषांतून चेकमध्ये नुकत्याच आलेल्या पुस्तकांचं.

२००६ साली चेक सेंटर्सनी प्रागमध्ये हे सुरू केलं. चेक सेंटर्स म्हणजे परदेशात चेक संस्कृतीची ओळख करून देणाऱ्या सरकारी संस्था. लाबिरिंत नावाचं प्रकाशन आणि प्रागमधल्या इतर देशांच्या सांस्कृतिक संस्था त्यांच्या जोडीला असतात. पुढे ही कल्पना युरोपातल्या अनेक शहरांनी उचलली. लिस्बनने जवळजवळ प्रागचाच साचा घेतला: एक वस्ती, दर अर्ध्या तासाला वाचन, पोर्तुगीजमध्ये. लंडनला २००९ पासून ब्रिटिश लायब्ररीत भरायला लागली ती युरोपियन लिटरेचर नाइट मात्र लेखकांना मंचावर बसवून बोलतं करणारी. न्यूयॉर्कच्या ‘न्यू लिटरेचर फ्रॉम युरोप’ उत्सवातही लेखक येत आणि चर्चा इंग्रजीत होत असे. बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सवात तिसरी पद्धत: लेखक मूळ भाषेत थोडं वाचतो, त्याच्या शेजारी बसलेला नट जर्मन अनुवाद वाचतो, मग दुभाष्याच्या मदतीने गप्पा. दिल्लीतही युरोपीय सांस्कृतिक संस्थांनी मिळून ‘लाँग नाइट ऑफ लिटरेचर्स’ भरवलेली आहे.

या सगळ्यांत मला प्रागची पद्धत सर्वांत पुढची वाटते, आणि त्याचं कारण लेखकाची गैरहजेरी हेच आहे. लेखक समोर असला की लोक लेखकाला बघतात. तो कसा दिसतो, त्याला काय विचारलं, तो युद्धाबद्दल काय म्हणाला. पुस्तक बाजूला राहतं आणि अनुवाद तर दिसतच नाही. लेखक नसला की खोलीत उरतो एक आवाज आणि चेकमधली वाक्यं, आणि त्या वाक्यांचा शब्दन् शब्द अनुवादकाने लिहिलेला असतो. अनुवाद कच्चा असेल तर तिसऱ्या मिनिटाला लोक खुर्चीत हलायला लागतात. लपायला जागाच नाही. म्हणून मी याला अनुवादाचा उत्सव म्हणते. ‘अनुवादित साहित्याचा उत्सव’ असं म्हणवणारे बाकीचे अनेक उत्सव लेखकांचेच असतात.

प्रागच्या लोकांना हे चालतं याला इतिहास आहे. चेक भाषेचं एकोणिसाव्या शतकातलं पुनरुज्जीवन बऱ्याच अंशी अनुवादकांनी केलं. योसेफ युंगमानने मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ १८११ साली चेकमध्ये आणलं, ते चेक भाषा अशी रचना पेलू शकते हे दाखवण्यासाठी. आज तिथल्या अनुवादक संघाचा सर्वांत मानाचा पुरस्कार त्याच्याच नावाने दिला जातो. त्याच संघाची सर्वांत वाईट अनुवादासाठीही एक जाहीर नापसंती आहे, स्क्रझिपेत्स नावाची. वाईट अनुवाद हा वाचकांचा अपमान आहे, असं उघडपणे म्हणणारा समाज मला फार आवडतो. कम्युनिस्ट काळात ‘स्व्येतोवा लितेरातुरा’ हे नियतकालिक, १९५६ ते १९९६ असं चाळीस वर्षं चाललेलं, कित्येकांसाठी बाहेरच्या जगाची खिडकी होतं. १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत फौजा देशात घुसल्यानंतर अनेक लेखकांवर, अभ्यासकांवर स्वतःच्या नावाने छापायला बंदी आली. त्यांतल्या पुष्कळांनी अनुवाद केले आणि पुस्तकावर मित्राचं नाव गेलं. मित्रांनी आपली नावं उसनी दिली, धोका पत्करून. राजवट गेल्यावर १९९२ साली अनुवादक संघाने १९४८ ते १९८९ या काळातल्या अशा दडवलेल्या अनुवादकांची सूची छापली: कोणता अनुवाद खरा कोणाचा. ज्या देशात अनुवादकाचं नाव परत मिळवून देण्यासाठी अख्खं पुस्तक काढावं लागलं, तिथे वाचनाच्या सुरुवातीला अनुवादकाचं नाव घेतात ते केवळ शिष्टाचार म्हणून घेत नाहीत.

आता पुस्तकं कोण ठरवतं ते सांगते. प्रागमध्ये गोएथे इन्स्टिट्यूट, फ्रेंच इन्स्टिट्यूट, इन्स्टितुतो सेर्व्हांतेस, पोलिश इन्स्टिट्यूट, ऑस्ट्रियाचं सांस्कृतिक केंद्र, इटलीचं, हंगेरीचं, रोमानियाचं अशा संस्था आहेत. ज्यांची संस्था नाही त्यांचे दूतावास. अशा राष्ट्रीय संस्थांचं ‘युनिक’ नावाचं एक जाळं आहे, तेही २००६ सालचंच. साधारण हिशेब एका देशाला एक पुस्तक असा असतो. अट अशी की पुस्तक आजच्या लेखकाचं हवं आणि चेक अनुवाद ताजा हवा. म्हणजे देशाच्या संस्थेला काय पुढे करायचं आहे आणि चेक प्रकाशकांनी मुळात काय आणलं आहे, यांच्या मधला तुकडा निवडीला मिळतो. त्यातून अंतिम यादी करणाऱ्याला बाकीचं सांभाळावं लागतं. सगळीच पुस्तकं आजीच्या मृत्यूबद्दल नकोत. सगळी युद्धाबद्दल नकोत. कुठेतरी लोकांना हसता आलं पाहिजे.

या देशवार वाटणीबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी प्रत्येक बैठकीत मांडते. साहित्य देशांच्या सीमेप्रमाणे वाढत नाही. स्वित्झर्लंडला चार भाषा आहेत, एका पुस्तकाने त्यातली कोणती न्यायची? बेल्जियमचं पुस्तक डच की फ्रेंच? साशा स्तानिशिच बोस्नियातल्या विशेग्रादचा, लिहितो जर्मनमध्ये आणि २०१९ चा जर्मन बुक प्राइझ त्याला मिळाला. तेरेझिया मोरा हंगेरीत जन्मली, वाढली, आणि जर्मन लेखिका झाली. त्यांना कोणत्या झेंड्याखाली बसवायचं? यात सर्वांत जास्त मार खातात त्या ज्यांच्यामागे स्वतंत्र राष्ट्र नाही अशा भाषा: सोर्ब, रोमानी, वेल्श. कातालानचं तेवढं बरं आहे, कारण त्यांची रामोन युल ही संस्था २००२ पासून जोमाने काम करते. तरीही पैसा आणि जागेची जबाबदारी संस्थाच उचलतात, त्यामुळे ही वाटणी पूर्णपणे मोडणं अवघड आहे. निदान एक-दोन जागा देशांच्या हिशेबाबाहेर ठेवाव्यात, एवढं मी धरून बसते.

एक गोष्ट मात्र तुम्ही मुद्दाम लक्षात घ्या, कारण ती मराठीच्या दृष्टीने मोलाची आहे. चेक बोलणारे जेमतेम एक कोटी. तरी तिथे एस्टोनियन, स्लोव्हेनियन, हंगेरियन, फिनिश, पोर्तुगीज या भाषांतून थेट चेकमध्ये आणणारे अनुवादक आहेत. मध्ये इंग्रजी नाही. छापल्या जाणाऱ्या पुस्तकांत एक तृतीयांशाहून जास्त अनुवाद असतात. त्यात इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा आहेच, पण बाकीच्या भाषांची पायवाट बुजू दिलेली नाही. विद्यापीठात त्या भाषांचे वर्ग चालू ठेवणं, ‘प्लाव’सारख्या मासिकाने एखाद्या छोट्या साहित्याला अख्खा अंक देणं, माग्नेसिया लितेरा या मोठ्या पुरस्कारात अनुवादित पुस्तकासाठी वेगळा विभाग असणं, या सगळ्यातून ते झालं आहे. उत्सवाची रात्र हा त्या सगळ्याचा दिसणारा भाग.

आता माझ्या खऱ्या कामाकडे येते: उतारा.

बारा मिनिटांत किती मजकूर बसतो? चेक प्रकाशनव्यवहारात १८०० चिन्हांचं एक प्रमाण पान धरतात, अनुवादकाचं मानधनही त्यावरच ठरतं. असं एक पान नीट, घाई न करता मोठ्याने वाचायला दोन मिनिटं किंवा थोडं जास्त लागतं. म्हणजे हातात पाच-सहा पानं. तीनशे-चारशे पानांच्या कादंबरीतून ही पाच-सहा पानं कोणती, यावर त्या जागेची रात्र ठरते. प्रकाशकाला वाटतं पहिलं प्रकरण घ्यावं. लेखकाच्या एजंटला वाटतं कळसाचा प्रसंग घ्यावा. दोन्ही बहुधा चालत नाहीत. पहिल्या प्रकरणात लेखक मांडामांड करत असतो. कळसाचं वजन आधीच्या तीनशे पानांनी तोललेलं असतं, ते सुटं केलं की नुसता आरडाओरडा ऐकू येतो. चालतो तो प्रसंग असा, ज्यात दोन-तीनच माणसं आहेत, त्यांना एकमेकांकडून काहीतरी हवं आहे, आणि काय हवं आहे ते पहिल्या पानात कळतं. वर्णनांची पानं, कितीही सुंदर असली तरी, अनोळखी खोलीत बसलेल्या माणसाच्या कानावरून निघून जातात.

एका हंगेरियन कादंबरीच्या उताऱ्याचं उदाहरण सांगते. अनुवादिकेने नऊ पानं सुचवली होती: अंत्यविधीनंतरचं जेवण, टेबलाभोवती भाऊबहिणी, आणि घर कोणाकडे जाणार हा न बोललेला प्रश्न. प्रसंग अचूक होता. पण टेबलावर सहा नावं होती आणि ऐकणाऱ्याला मागचं पान उलटून बघता येत नाही. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात संहिता घेऊन बसलो. ज्या दोन नातेवाइकांच्या तोंडी एकेकच वाक्य होतं ती वाक्यं काढली. वडिलांच्या पहिल्या दुकानाची आठवण, जवळजवळ दीड पान, अख्खी काढली. कादंबरीत ती पुढे उपयोगी पडते, इथे पडणार नव्हती. उताऱ्याचं पहिलं वाक्य ‘त्याने’ने सुरू होत होतं आणि तो कोण हे आधीच्या प्रकरणात होतं, म्हणून तिथे थोरल्या भावाचं नाव घातलं. प्रत्येक बदल प्रकाशकामार्फत लेखकाकडे मान्यतेला गेला, कारण कापलेला उतारा लोकांसमोर त्याच्या नावाने वाचला जाणार असतो.

मग एक वाक्य राहिलं, जवळजवळ पाऊण पानाचं. बहीण ताटं उचलत उचलत बोलते आणि तिचं बोलणं थांबतच नाही. वाचणाऱ्या नटाने ते चार वाक्यांत तोडून मागितलं. अनुवादिका अडून बसली, आणि ती बरोबर होती. मी पेन्सिलने फक्त श्वासाच्या जागा खुणावल्या: छोट्या विरामाला एक उभी रेघ, पूर्ण श्वासाला दोन. त्या रेघा स्वल्पविरामांशी जुळत नव्हत्या. बोलताना माणूस व्याकरणाच्या जागी श्वास घेत नाही, ताट खाली ठेवताना घेतो. तालमीत नटाने दुसऱ्यांदा वाचलं आणि मग त्यानेच सांगितलं की वाक्य तोडू नका. दुसरा वाद आवाजाचा होता. त्याला बहिणीसाठी थोडा बायकी, चिरका आवाज काढायचा होता. तो आम्ही दोघींनी मिळून नाकारला. संवादात ती बाई पुरती उतरलेली होती, वरून रंग देण्याची गरज नव्हती. अभिवाचन आणि नाट्यप्रयोग यांच्या मधली ही रेषा मराठी रंगकर्मींनाही चांगली ठाऊक आहे.

लांब वाक्यांबद्दल आणखी एक. २०२३ चं नोबेल मिळालेला नॉर्वेचा यून फॉसे आणि २०२५ चं मिळालेला हंगेरीचा लास्लो क्रस्नाहोरकाई, दोघांचीही वाक्यं पूर्णविरामाशिवाय पानंच्या पानं जातात. लोक म्हणतात, असलं गद्य जाहीर वाचनाला घेऊ नये. माझा अनुभव उलटा आहे. कागदावर जे थकवतं ते चांगल्या आवाजात सोपं होतं, कारण कुठे थांबायचं ते वाचणारा तुमच्यासाठी ठरवतो. अवघड जातात ते तळटीपा लागणारे उतारे, स्थानिक राजकारणाचे संदर्भ असलेले विनोद, आणि कविता. कवितेनंतर खोलीला थोडी शांतता लागते, आणि अर्ध्या तासाच्या वेळापत्रकात ती मिळत नाही. कवितेसाठी वेगळी संध्याकाळ असावी असं माझं ठाम मत आहे.

जागेचाही उताऱ्यावर परिणाम होतो. दगडी कमानी असलेल्या जुन्या चॅपलमध्ये आवाज घुमतो आणि चेकमधली जोडाक्षरं एकमेकांत मिसळून जातात. तिथे सावकाश वाचावं लागतं, म्हणजे अर्धं पान आणखी कापावं लागतं. तळघरात आवाज कोरडा येतो, तिथे कुजबूजही चालते. रस्त्याकडे उघडणाऱ्या जागेत दर काही मिनिटांनी ट्राम जाते. ट्रामच्या वेळा बघून नटाला सांगून ठेवायचं की इथे थांब, जाऊ दे, मग पुढचं वाक्य घे. आणि एकच उतारा एका रात्रीत दहा वेळा वाचायचा असतो, हे नटाने आधी समजून घ्यायला हवं. पहिल्या दोन वाचनांत तो सावध असतो, मधली वाचनं पाठ झाल्यासारखी घसरतात, आणि साडेनऊ-दहाच्या सुमाराला आवाज थोडा बसतो तेव्हा बहुतेक वेळा सर्वांत खरं वाचन होतं. प्रागला मेच्या मध्यावर पावणेनऊच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे सुरुवातीची वाचनं उजेडात होतात आणि नंतरची दिव्यात. मला विचाराल तर दिव्यातली ऐका.

प्रास्ताविक तीन-चार वाक्यांचं पुरे: लेखकाचं नाव आणि भाषा, अनुवादकाचं नाव, आणि आपण गोष्टीत कुठे आहोत. लेखकाचे पुरस्कार वाचून दाखवण्यात जाणारी दोन मिनिटं म्हणजे उताऱ्याचं एक पान. अनुवादक हजर असेल तर त्याने दाराशी उभं राहावं. लोक बाहेर पडताना त्याच्याशी आपणहून बोलतात. पैशाबद्दलही स्पष्ट सांगते. नटाला मानधन असेल तर अनुवादकालाही असलंच पाहिजे. अनुवाद ही कायद्याने स्वतंत्र कृती आहे, कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातच तसं आहे, आणि ती जाहीर वाचायला अनुवादकाची परवानगी लागते. इंग्रजीत अनुवादित पुस्तकाला मिळणाऱ्या इंटरनॅशनल बुकर पुरस्काराने २०१६ पासून ५०,००० पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादकात निम्मीनिम्मी वाटायला घेतली. २०२३ साली ती बल्गेरियन लेखक गेओर्गी गोस्पोदिनोव आणि अनुवादिका अँजेला रोडेल यांनी वाटून घेतली. उत्सवांनी निदान तेवढी जाण ठेवावी.

आता तुम्ही काय करायचं ते. कार्यक्रम जाहीर झाला की जर्मनीचं, ऑस्ट्रियाचं आणि स्वित्झर्लंडचं पुस्तक कोणतं आहे ते आधी बघा. त्यातलं एक निवडा, मूळ जर्मन पुस्तक मिळवा आणि आधी वाचून काढा. कोणता उतारा घेतला असेल याचा अंदाज बांधा. मग त्या जागेवर दोनदा बसा: एकदा मूळ पान समोर धरून, एकदा पुस्तक मिटून. चेकमध्ये आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो, त्यामुळे जर्मनची लांब, शेवटी क्रियापद येणारी वाक्यं त्या लयीत बसवताना अनुवादकाने कुठे काय हलवलं, हे अर्थ पूर्ण कळत नसतानाही ऐकू येतं. मराठीतही क्रियापद शेवटी येतं, तेव्हा तुमचा कान यात चेक श्रोत्यांपेक्षा वेगळं काही पकडेल. दुसरी जागा अशी निवडा की ज्या लेखकाचं इंग्रजी भाषांतर तुम्ही वाचलेलं आहे. तिसरी, काहीच माहीत नसलेली. तीन जागा पुरेत. नकाशावरच्या सगळ्या जागा गाठायच्या म्हणून धावलात तर रात्र चालण्यात जाईल. प्रसिद्ध नटांच्या जागांवर सुरुवातीला गर्दी उसळते आणि आत जायला मिळत नाही, तिकडे साडेनऊनंतर जा. जाड जाकीट न्या, मे असला तरी तळघरं आणि चर्च गार असतात. परतीची गाडी त्याच रात्रीची धरू नका. ब्रनोला जायला अडीच-तीन तास लागतात आणि शेवटची वाचनं सोडून निघावं लागेल.

लेखकांनाच भेटायचं असेल तर प्रागला यायचीही गरज नाही. ब्रनोतच २००० सालापासून दर जुलैत लेखक-वाचनाचा महिना असतो, व्येत्रने म्लिनी या प्रकाशनाचा. रोज संध्याकाळी वाचन, एका पाहुण्या देशाचे लेखक महिनाभर. तिथे लेखक स्वतः आपल्या भाषेत वाचतो. आधी साहित्य-रात्र आणि मग हा महिना असं दोन्ही ऐकलंत, तर मी वर जो फरक सांगितला तो तुमचा तुम्हालाच दिसेल.

मराठीत आणण्याच्या तुमच्या इच्छेबद्दल. जर्मनमधून थेट मराठीत आणा, इंग्रजीवरून आणू नका. तुमच्याकडे भाषा आहे, ती वापरा. सुरुवात अख्ख्या कादंबरीने करू नका. साहित्य-रात्रीचाच नियम लावा: पाच-सहा पानांचा, स्वतःच्या पायावर उभा राहणारा प्रसंग निवडा, तो मराठीत करा आणि चार माणसांसमोर मोठ्याने वाचा. जिथे तुमची जीभ अडखळेल तिथे बहुतेक वेळा जर्मन वाक्यरचना तशीच राहिलेली असते. ऐकणाऱ्यांत एक जण तरी साहित्याशी संबंध नसलेला असू द्या. पुणे-मुंबईत अभिवाचन करणारे गट आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा त्यांच्याकडे उतारा घेऊन जा.

नमुना तयार झाला की पुढची पायरी हक्कांची. अनेक नवे अनुवादक इथे उलट्या क्रमाने जातात: आधी दोन वर्षं खपून अख्खं पुस्तक करतात आणि मग मराठी हक्क दुसऱ्याकडे गेल्याचं कळतं. मूळ प्रकाशकाच्या परकीय हक्क विभागाला साधी चौकशीची ईमेल आधी करा, मराठीसाठी हक्क मोकळे आहेत का एवढंच विचारा. मग नमुना आणि पुस्तकाविषयीचं एक पान घेऊन मराठी प्रकाशकाकडे जा. अनुदानं आहेत, पण अर्ज साधारणपणे प्रकाशकाने करायचा असतो आणि हक्कांचा करार हातात लागतो. गोएथे इन्स्टिट्यूटची जर्मन पुस्तकांच्या अनुवादाला मदत करणारी योजना आहे, फ्रेंचसाठी भारतीय प्रकाशकांना टागोरांच्या नावाची योजना आहे, पोलंड, फिनलंड, नॉर्वे, नेदरलंड्स यांच्याही स्वतःच्या संस्था आहेत. मराठी प्रकाशकांना यांतल्या बऱ्याच योजना परक्या वाटतात, त्यामुळे फॉर्म वाचून समजावून सांगण्याचं काम अनुवादकावर पडतं. ते अंगावर घ्या. जर्मनीतल्या श्ट्रालेनला १९७८ पासून अनुवादकांसाठी निवासाचं घर आहे, तिथे राहून काम करता येतं. पण त्यासाठी आधी छापून आलेलं काम लागतं, तेव्हा ते नंतरचं.

आणि चेक शिकणं सोडू नका. चेकमधून अनुवाद करणाऱ्या चाळिशीच्या आतल्यांसाठी सुझाना रोट हिच्या नावाची स्पर्धा आहे. ती स्विस अनुवादिका, ह्राबाल आणि कुंडेरा हे चेक लेखक जर्मनमध्ये आणणारी. स्पर्धेत समकालीन चेक गद्याचा एक ठरावीक उतारा अनुवादासाठी देतात. कोणत्या देशांतून भाग घेता येतो ते दर वर्षीच्या घोषणेत असतं, चेक सेंटर्सच्या संकेतस्थळावर बघत राहा.

शेवटी तुम्ही विचारलंत, साहित्य-रात्रीला ऐकलेल्या पुस्तकाच्या चेक अनुवादकाला पत्र लिहिलं तर चालेल का. चालेल, आणि लवकर लिहा. जर्मनमध्ये लिहा, तुम्ही ऐकलेल्या उताऱ्यातल्या एखाद्या नेमक्या वाक्याबद्दल विचारा, आणि तेच वाक्य तुम्ही मराठीत कसं केलंत ते देवनागरीत, खाली जर्मनमध्ये शब्दशः अर्थ देऊन पाठवा.